न चाखलेल्या वाइनचं माहितीपत्रक

मानवतमध्ये जर्मन भाषा येणारी बाई एकच आहे आणि ती धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत राहते, हे त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजूनही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी स्वप्ना हलगे म्हणजे हलगे गुरुजींची सून, बाजार समितीत कारकून असलेल्या मल्लेशची बायको, आणि दुपारभर माडीवर बसून ‘कंप्युटरचं काहीतरी’ करणारी बाई.

स्वप्नाचं माहेर उदगीरचं. मामांनी सांगितलं म्हणून ती पुण्याला वसतिगृहात राहून तीन वर्षं जर्मन शिकली. नोकरी लागायच्या आत लग्न लागलं. मानवतला आल्यावर नऊ वर्षं त्या भाषेतला एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. भांडी घासताना ती मनातल्या मनात क्रियापदं चालवायची, विसरू नयेत म्हणून. मग करोनाच्या वर्षी पुण्याच्या एका भाषांतर संस्थेनं तिला घरबसल्या काम द्यायला सुरुवात केली. पाण्याचे पंप, शिलाई यंत्रं, दातांच्या दवाखान्यातली खुर्ची, असल्या वस्तूंसोबत येणारी माहितीपत्रकं ती जर्मनमधून मराठीत आणायची.

स्वभाव मात्र धास्तीचा. घरातून निघाल्यावर चौकातून परत येऊन गॅसचं बटण बघणारी ती बाई. एकदा पंपाचं काम पाठवून दिल्यावर तिला वाटलं, झडप ‘बंद ठेवा’च्या जागी आपण ‘उघडी ठेवा’ तर लिहिलं नाही ना? लिहिलं नव्हतं. तरी तिनं संस्थेला तीन मेल केले. “एका शब्दानं कुणाची तरी मोटार जळंल,” ती मल्लेशला म्हणाली होती. मल्लेश हसला होता. सासरे हसले नव्हते.

सासरे म्हणजे शिवरुद्र अप्पा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाहीत, दर सोमवारी मठात प्रवचन करणार. त्या घरात मांस-मच्छी आणि दारू हे शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. पण अप्पांना सुनेच्या कामाचं अप्रूप होतं. रोज संध्याकाळी ते विचारायचे, “आज काय लिहायलीस?” आणि ती पंपाबद्दल, खुर्चीबद्दल सांगायची.

फेब्रुवारीच्या शेवटी संस्थेकडून मुकुल नावाच्या तरुणाचा फोन आला. त्यांच्याकडे एक नवीन गिऱ्हाईक आलं होतं. ते जर्मनीहून वाइन आणून इकडच्या मोठ्या हॉटेलांना पुरवत. ‘लेंबर्गर’ नावाच्या काळ्या द्राक्षांची, गोडी अजिबात नसलेली लाल वाइन होती. तिचं मराठी माहितीपत्रक हवं होतं.

“मॅडम, यावेळी नुसतं भाषांतर नको,” मुकुल म्हणाला. “जर्मन मजकुरात लिहिलंय, हिच्यासोबत हरणाचं मांस, कांद्यात परतलेलं मांस, रानातली अळंबी, जुनं चीज चांगलं लागतं. आपल्या माणसाला हरीण कुठून देणार? तुम्ही आपले पदार्थ सुचवा. मराठवाड्यातले. लोकांना तेच आवडतं हल्ली.”

“बरं.”

“वाइनची सवय आहे ना तुम्हाला? म्हणजे चाखून लिहाल ना? नमुन्याची बाटली पाठवतो.”

खाली अंगणात अप्पा तुळशीला पाणी घालत होते. त्यांचा आवाज वर येत होता, तिचा खाली जात असणार. फोन लवकर संपावा एवढंच तिला कळत होतं.

“हो, हो,” ती म्हणाली. “चाखून लिहीन.”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं, आणि दोन्ही खोटं.

नाही म्हणून परत फोन करायचा, असं तिनं त्या दिवशी चार वेळा ठरवलं. पण काम हातचं जाईल, मग पुढचंही जाईल, मग ती नऊ वर्षं पुन्हा सुरू होतील, असं तिचं मन एकेक पायरी खाली उतरत गेलं. तिनं फोन केला नाही. त्याऐवजी तिनं माहितीपत्रकाचा सोपा भाग आधी उरकून टाकला. बाटलीचं माप, द्राक्षाचं नाव, वाइन कशी ठेवावी, कशी वाढावी, अशा शेवटच्या चार ओळी होत्या. असले शब्द तिनं शंभरदा लिहिले होते. पंधरा मिनिटांत झालं.

पदार्थांचं काय करायचं हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं.

परभणीला स्टेशन रोडवर सिद्धोधन खंदारे यांची खानावळ आहे. त्यांच्या मुलीला नर्स म्हणून जर्मनीला जायचं होतं तेव्हा स्वप्नानं तिला वर्षभर फोनवरून भाषा शिकवली होती. मुलगी गेली, तिकडे रुळली. सिद्धोधन स्वतः सतरा वर्षं प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात होते. गुडघे गेले तेव्हा परत आले. जहाजावर जेवणासोबत कुठली वाइन जाते हे त्यांनी रोज बघितलं होतं, आणि चाखलंही होतं. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“आणा ताई बाटली. फिकर करू नका. जीभ माझी, लिवणं तुमचं.”

बाटली घेऊन येणारा माणूस मंगळवारी परभणीच्या बसस्टँडसमोर भेटणार होता. घरी तिनं सांगितलं, दाढ दुखते, परभणीला दाखवून येते. अप्पांनी लवंग काढून दिली. “तोवर दाढंखाली धर,” म्हणाले. ती लवंग तोंडात धरून ती बसमध्ये बसली, आणि कोल्हा पाटीचा थांबा येईपर्यंत तिची जीभ बधिर झाली.

माणूस वेळेवर आला. कागदपत्रांसह खाकी खोक्यातली बाटली देऊन गेला. ती खोकं पिशवीत घालून रिक्षानं स्टेशन रोडला गेली, तर खानावळीला कुलूप. सिद्धोधनच्या चुलत्याचं पहाटे चुडावा गावी निधन झालं होतं. नवरा-बायको दोघंही पहिल्या गाडीनं गेले होते. फोनवर ते म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत येतो ताई. माफ करा.”

आता बाटलीचं काय करायचं? शेजारच्या पानवाल्याकडे ठेवावी? तो उघडून बघेल. रस्त्यात टाकून द्यावी? मग लिहायचं काय? शेवटी तिनं भाजीवालीकडून मेथीच्या चार जुड्या घेतल्या, खोकं फेकून दिलं, बाटली ओढणीत गुंडाळली आणि वर मेथी रचली.

मानवतची बस भरलेली होती. तिला जागा मिळाली ती नेमकी मठात येणाऱ्या एका बाईशेजारी.

“गुरुजींच्या सूनबाई ना तुमी? काय आणलंत परभणीहून?”

“मेथी.”

“मानवतला मेथी मिळत न्हाई का काय?”

“स्वस्त होती.”

पिशवी पायात होती. खड्ड्यातून बस गेली की बाटली सीटच्या लोखंडी पायावर आपटून टण् वाजायची. ती पायाच्या दोन्ही घोट्यांनी बाटली दाबून बसली. कंडक्टर तिकीट द्यायला वाकला तेव्हा तिला वाटलं, तो वास घेतोय. बाटलीला बूच होतं, बुचावर लाख होती, वास येणं शक्यच नव्हतं; तरी तिनं मेथीचा एक देठ मोडून हातात चुरगाळला, म्हणजे मेथीचाच वास येईल. उतरेपर्यंत घोट्यांना वळ आले होते.

घरी तिनं ती बाटली माडीवरच्या पांघरुणांच्या पेटीत, तळाला ठेवली. मार्चचा पहिला आठवडा होता, पत्रे तापायला लागले होते. संध्याकाळी जेवताना अप्पांनी विचारलं, “दाढ काढली का?”

“नाही. औषध दिलं.”

“मग उद्या परत जायचं असंल.”

“हो.”

त्यांनी तिला मऊ खिचडी करून खायला सांगितलं. तिनं चार घासांतच ताट बाजूला केलं, आणि अप्पांना वाटलं दाढ लय ठणकते आहे.

दुसऱ्या दिवशी अप्पा पूजेला बसल्यावर तिनं भराभरा स्वयंपाक केला. पाटवडीचा रस्सा, शेंगदाण्या-तिळाचं कूट भरून वांगी, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, भाकरी, आणि दोन पुरणपोळ्या. घरच्यांचं वाढून ठेवलं, उरलेलं डब्यात भरलं आणि निघाली.

सिद्धोधननं बाटली हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. “ही तर पार तापलीया. अशी न्हाई चालत.” त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली. तासाभरानं बूच काढलं. गडद, जांभळाच्या रसासारख्या रंगाची वाइन काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतली. त्यांची बायको कमलबाई दारात उभी राहून बघत होती.

“तोंडात घेतली की काय होतं?” स्वप्नानं वही उघडली.

सिद्धोधननं घोट घेतला, तोंडात फिरवला. घाई केली नाही. “आधी आंबटसर. रानातल्या करवंदावानी. मागून मिऱ्याची चुणूक. अन् मग जिभंवरली ओल वढून घेती, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. तुरट. गोड तर नावाला न्हाई.”

तिनं सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी एकेक पदार्थ घेतला. घास, मग घोट. मध्ये पाणी आणि कोरडी भाकरी.

ठेच्यावर त्यांनी घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. “आग लावली की हो! मिरची दुप्पट झाली.” पुरणपोळीवर त्यांनी तोंड वाकडं केलं. “गोडासमोर ही निस्ती आंबट पडती. पुरण बी बिघडलं, वाइन बी.” पाटवडीचा रस्सा कमी तिखट असेल तर चालेल म्हणाले. भरल्या वांग्यावर ते थांबले. आणखी एक घास घेतला, आणखी एक घोट.

“हे लिवा ताई. शेंगदाण्याचं, तिळाचं तेल हाय ना, ते तिचा तुरटपणा खातं. अन् ती तेलाचा जडपणा खाती. दोघं एकमेकाला सांभाळून घ्यायलेत. भरीत बी लागलं छान, धुरकट वास जुळतो. मटण करायचं तर कांद्यात बारीक आचेवर शिजवलेलं, तर्री कमी. येलदरी धरणाच्या माशाला मात्र हिच्यासोबत पाठवू नका, माशाची कडवट चव वर येईल.”

स्वप्नानं पेला नाकाजवळ नेला. खरंच मिऱ्याचा वास येत होता. क्षणभर तिला वाटलं, जिभेचं टोक लावलं तर ते खोटं खरं होऊन जाईल, मग मनाला घोर राहणार नाही. तिचा दुसरा हात गळ्यातल्या लिंगाशी गेला होता.

कमलबाई पुढं आल्या आणि पेला तिच्या हातातून काढून घेतला. “कशाला ताई? ह्यांनी सांगितलं ना तुमाला.”

बाटली तिथंच ठेवून स्वप्ना परत आली. तीन दिवसांत मजकूर पाठवला. सिद्धोधनचं नाव त्यात कुठं लिहिलं नव्हतं. लिहावं असं तिला वाटलं होतं, पण मग ‘चाखून लिहीन’चं काय, म्हणून राहिलं. त्या गोष्टीनं तिला दाढदुखीच्या खोट्याहून जास्त कुरतडलं.

सोमवारी ती दळण आणायला गिरणीत गेली होती. फोन बंद पडून घरी चार्जिंगला होता. परत आली तर अप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, त्यांचा स्वतःचा मोबाइल मांडीवर.

“पुण्याहून फोन आला होता,” ते म्हणाले. “तुझा लागत नव्हता म्हणं. माझा नंबर तू त्यांना कधीतरी दिला होतास.”

“काय म्हणाले?”

“फोन कर म्हणाले.”

एवढंच. ते उठून आत गेले. पिठाचा डबा तिच्या हातात तसाच राहिला.

तिनं वर जाऊन मुकुलला फोन लावला. मुकुल खुशीत होता. “मॅडम, मजकूर एकदम आवडला त्यांना! तुमच्या वडिलांना सांगितलं मी, वाइनचा पेला हातात घेतलेला तुमचा एक फोटो पाठवा म्हणून. कागदावर टाकू.”

“ते सासरे आहेत माझे,” स्वप्ना म्हणाली. फोटो नाही जमणार, एवढं कसंबसं सांगून तिनं फोन ठेवला.

अप्पा त्या सोमवारी प्रवचनाला गेले, वेळेवर आले, जेवले. काही बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. ‘आज काय लिहायलीस’ हा प्रश्न आला नाही. रागावले असते, ताट सारलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. ते मीठ मागायचे, वर्तमानपत्र मागायचे, आणि तिच्याकडे न बघता ते घ्यायचे. ते प्रवचनात काही बोलले का? मठात कुणाला सांगितलं का? बसमधली ती बाई दारावरून गेली तेव्हा स्वप्ना खिडकीतून मागं सरली. तिच्या दोन भाकरी तव्यावर जळाल्या.

तिनं मल्लेशला सगळं सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. “पिली न्हाईस ना? मग सांग की त्यांना.”

“तुम्ही सांगा.”

“मी मधी न्हाई पडत. तू अन् अप्पा बघा. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, बायकोला पाठीशी घालायलाय.”

बुधवारी सकाळी छपाईच्या कागदाचा नमुना तिच्या फोनवर आला. सुरेख दिसत होता. वांग्याचं चित्र, बाटलीचं चित्र. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ त्यांनी स्वतःहून घातली होती: ‘हे सर्व पदार्थ लेखिकेने या वाइनसोबत स्वतः चाखून निवडले आहेत. — स्वप्ना हलगे, मानवत.’

मानवत! गावाचं नावसुद्धा. गुरुवारी छपाई होती. तिनं फोन घेतला आणि जिना उतरली. अप्पा पूजा आटपून बसले होते. कपाळावरचा भस्माचा पट्टा अजून ओला होता.

“अप्पा, मी वाइन पिले नाही.”

त्यांनी मान वर केली.

“दाढ दुखत नव्हती. बाटली आणायला गेले होते. एक दिवस ती आपल्या माडीवर होती, पांघरुणांच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी खंदाऱ्यांच्या खानावळीत नेली. त्यांनी चाखली, मी लिहिलं.”

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “पिली न्हाईस, तर त्या पोराला पिली म्हणून का सांगितलंस?”

“काम जाईल म्हणून.”

“अन् मला दाढ का सांगितलीस?”

ती फोनचा कोपरा नखानं खरवडत राहिली.

“त्याला एक खोटं, मला दुसरं. त्याच्याशी खोटं बोललीस ते पोटासाठी म्हणून मी समजू शकतो. माझ्याशी कशासाठी? मी तुला लवंग काढून दिली गं.” त्यांचा आवाज चढला नाही. “दोन दिवस मी लिंगापुढं बसून हाच इचार करायलोय, की या घरात तुला खरं बोलायची इतकी भीती का वाटावी.”

स्वप्ना रडली. अप्पांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, “लाव त्याला फोन. माझ्यासमोर लाव.”

तिनं लावला. आवाज मोठा ठेवला. मुकुलला तिनं सांगितलं, आपण वाइन पीत नाही, कधी प्यालो नाही, हे सगळे पदार्थ परभणीच्या सिद्धोधन खंदाऱ्यांनी चाखून सांगितले आहेत. कागदावर छापायचंच तर त्यांचं नाव छापावं.

“मॅडम, उद्या छपाई आहे,” मुकुल म्हणाला. आवाजातली खुशी गेली होती. “आधी सांगायला नको होतं का? गिऱ्हाइकाला मी काय सांगू? खानावळवाल्याचं नाव टाका म्हणू?”

“ते सतरा वर्षं जहाजावर आचारी होते.”

“बघतो. कळवतो.” फोन बंद झाला.

काम गेलं, असं तिला वाटलं. आणि काम गेलं तर गेलं, असं पहिल्यांदाच वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

अप्पांनी हात पुढे केला. “काय लिहिलंस ते वाच.”

“अप्पा, वाइनचं आहे.”

“ऐकल्यानं चढत न्हाई. वाच.”

ती वाचू लागली. ‘कोरडी लाल वाइन’ म्हटल्याबरोबर त्यांनी थांबवलं. “ओली वस्तू कोरडी कशी?”

“जर्मनमध्ये तसाच शब्द आहे, अप्पा. सगळी साखर मुरून गेलेली असते. गोडी उरत नाही.”

“मग ‘गोडी नसलेली’ लिही. माणसाला कळंल असं लिहावं.”

‘जिभेवरची ओल ओढून घेणारी, कच्च्या जांभळासारखी तुरट’ या ओळीवर ते म्हणाले, “हे चांगलं हाय. तुझं का?”

“सिद्धोधनभाऊंचं.”

“हूं.”

ठेचा आणि पुरणपोळी का टाळावी ते त्यांनी मान डोलवत ऐकलं. ती शेवटच्या चार ओळींवर आली. फेब्रुवारीत पंधरा मिनिटांत उरकलेल्या. “‘ही वाइन खोलीच्या तापमानाला वाढावी.’”

“कुठल्या खोलीच्या?”

“म्हणजे?”

“जर्मनीतल्या का मानवतच्या? माडीवर आत्ता हात लावून बघ पत्र्याला.”

स्वप्ना वाचायची थांबली. सिद्धोधननं तापलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवली होती, ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी परत येऊन त्या चार ओळींकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मूळ कागदावर पुढे कंसात सोळा ते अठरा अंश असं होतं. ‘खोली’ लिहिल्यावर ते आकडे तिला फालतू वाटले होते, म्हणून गाळले होते. एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या एका हॉटेलात त्या वाइनची ओळख करून देणारा कार्यक्रम होता. बेचाळीस अंशात कुणीतरी तो कागद वाचून बाटल्या टेबलावर मांडून ठेवल्या असत्या.

तिनं पुन्हा फोन लावला. मुकुलनं उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला. “मॅडम, मी सांगितलं ना, बघतो म्हणून.”

“ते नाही. मी एक चूक केली आहे.” तिनं सांगितलं. “ओळ अशी करा: ‘वाढण्यापूर्वी थंड करून, सोळा ते अठरा अंशांवर द्यावी, उन्हाळ्यात तासभर फ्रीजमध्ये ठेवावी.’ आणि ‘कोरडी’च्या जागी ‘गोडी नसलेली’.”

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. “ही माझ्याही नजरेतून सुटली होती,” मुकुल हळूच म्हणाला. “बरं झालं सांगितलंत.”

छपाई दोन दिवस पुढे गेली. त्या दोन दिवसांत तिनं फोन दळणाच्या डब्यावर, पाण्याच्या हंड्याशेजारी, उशीखाली, जिथं जाईल तिथं नेला. शनिवारी मुकुलचा फोन आला. गिऱ्हाइकानं जहाजाचं ऐकलं आणि त्याला ते उलट पसंत पडलं. सिद्धोधनचं नाव जाणार होतं. एप्रिलच्या कार्यक्रमात त्यांनी येऊन भरली वांगी करावी, असंही विचारलं होतं. “आणि मजकुराखाली तुमचं नाव?”

ती अप्पांकडे गेली. अप्पांनी चष्मा काढून पुसला, खूप वेळ पुसला.

“लिहिलं तू आहेस. नाव तुझं जायला पाहिजे,” ते म्हणाले. “पण माझं आडनाव त्या बाटलीशेजारी नको. सोमवारी मला मठात बसायचं असतं. एवढं ऐक.”

ते तिला लागलं. आडनाव तिचंही होतं, पंधरा वर्षांचं. पण तिनं वाद घातला नाही. कागदावर छापलं गेलं: ‘चव आणि निवड: सिद्धोधन खंदारे, परभणी. मराठी मजकूर: स्वप्ना.’

कार्यक्रमाला ती गेली नाही. त्या दिवशी दुपारी चारला सिद्धोधनचा फोन आला. मागं भांड्यांचा आणि माणसांचा गलका. वांगी संपली होती. हॉटेलवाल्यांनी न विचारता ठेचा मांडला होता. एका साहेबानं वाइनसोबत तो खाल्ला आणि बर्फ मागत सुटला. “म्या त्याला तुमचा कागद दावला, ताई. म्हणलं, साहेब, आधी वाचायचं असतं!” ते मोठ्यानं हसले. स्वप्ना हसली नाही. त्या साहेबाला जास्त त्रास तर झाला नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं.

अप्पा आणि तिच्यातलं अवघडलेपण पुरतं गेलं असं कुणी म्हणणार नाही. मठात एकानं तो कागद आणून दाखवला तेव्हा अप्पा ‘भाषांतर सुनेचं आहे’ एवढंच म्हणाले आणि प्रवचन सुरू केलं. घरी आल्यावर ते तिला त्यांनी सांगितलं. तिला ते दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून.

जूनमध्ये संस्थेनं नवीन काम विचारलं. त्याच गिऱ्हाइकाची, या वेळी पांढरी वाइन, आणि तिच्यासोबत मासे. स्वप्नानं खाली जाऊन घरात आधी सांगितलं, मग वर येऊन उत्तर लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘मी वाइन पीत नाही. चाखणारा माणूस वेगळा असेल आणि त्याचं नाव छापावं लागेल.’ मेल पाठवला. मग तो नीट गेला का, हे तिनं तीन वेळा उघडून बघितलं.